नाडीताई आणि माझी टेप

माझ्या पोटातली एक नळी सहा महिने आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. माझ्या बाकी कुठल्याही अवयवाला असा मान कधी मिळालेला नाही. गुडघे बदनाम आहेत, डोळे चाळिशीतच फितूर झाले, आणि जिभेबद्दल आमची ही लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून तक्रार करते आहे. पण ही नळी, म्हणजे हृदयातून निघून पोटातून खाली जाणारी मोठी धमनी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी अगदी लवचीक निघाली होती. हे मी दूधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाला जिन्यात अडवून सांगितलं. कुणी पत्ता विचारला तर आधी नळी सांगायचो, मग पत्ता.

आता सांगायला हरकत नाही. ती नळी तशी नव्हती, आणि ती तशी दिसली याला मीच कारण होतो. पण माझी फजिती काय, रोजचीच आहे. ही गोष्ट खरं तर नाडीताईंची. माझ्या फुशारकीपायी त्यांची सात वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती, म्हणून मला मध्ये यावं लागतं. एरवीही आलो असतोच.

नाडीताई हे नाव मीच ठेवलं. इस्पितळात त्या तंत्रज्ञ, पण एवढा जड शब्द कोण रोज उच्चारणार? बुटक्या, चालायला भरभर, पन्नाशीच्या आत-बाहेर. खांद्याला कायम एक निळी पिशवी, आणि पिशवीत गरम पाण्याची रबरी पिशवी. कुणाच्या अंगाला हात लावायच्या आधी त्या दोन्ही तळवे त्या रबरी पिशवीवर शेकून घ्यायच्या. गार हात लागला की माणूस दचकतो, दचकला की नाडी पळते, आणि नाडी पळाली की माप चुकतं. लोकांना वाटायचं केवढी मायाळू बाई! माया होतीच, पण ती मापावर.

त्यांच्याबद्दल गल्लीत बोललं जायचं ते मी तपासून ठेवलेलं आहे. औषधाच्या दुकानदाराशी त्यांचं काहीतरी आहे, ही बातमी खोटी. मीच पसरवली होती, कारण दोघं दुकानाच्या पायरीवर वीस मिनिटं बोलताना मला दिसले होते. नंतर कळलं, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा किती रुंद असावा यावर भांडत होते. लग्न केलं नाही, धाकट्या बहिणीबरोबर राहतात, ती शाळेत गणित शिकवते, आणि दोघींत मिळून एकच छत्री आहे, ही बातमी मात्र खरी.

सात वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा माझ्या शिवणकामाच्या दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाईक. सवयीनं गळ्यातली टेप काढली आणि पुढे झालो. तेवढ्यात त्यांनीही पिशवीतून टेप काढली. आम्ही दोघं कटिंगच्या टेबलाच्या दोन बाजूंना टेपा धरून उभे.

"मला तुमचं माप घ्यायचंय," त्या म्हणाल्या.

चाळीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी इतका विरघळलो, की कशाचं माप ते न विचारताच हो म्हणून बसलो.

कशाचं ते पुढच्या आठवड्यात इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर कळलं. जुन्या कागदपत्रांच्या खोलीमागे एक चिंचोळी खोली. एक खाट, एक यंत्र, धुऊन धुऊन पट्टे उडालेला पडदा, आणि धुलाईघराच्या वाफेकडे उघडणारी एक खिडकी. दारावर पाटी : "शांतता. आत माप चालू आहे."

"मास्तर, यंत्राची एक कांडी गळ्यावर लावणार, दुसरी जांघेत," ताई म्हणाल्या.

"दुसरी कुठे?"

"जांघेत. घाबरू नका. कापडावरून जागा बघते, मग तेवढीच जागा उघडी करायची."

मी आयुष्यभर लोकांच्या पँटचं आतलं माप घेतलं. जागा डावीकडे ठेवू की उजवीकडे, असं न लाजता विचारलं. त्या सगळ्या गिऱ्हाइकांचा शाप मला त्या खाटेवर भोवला.

तर प्रकार असा. हृदयानं ठोका दिला की रक्ताची एक लाट नळीतून धावत सुटते. नळी मऊ असेल तर लाट रमतगमत जाते, कारण नळी थोडी फुगते, धक्का पोटात घेते. नळी ताठ झाली असेल तर धक्का कोण घेणार? लाट सुसाट सुटते आणि हृदयाला, मेंदूला, मूत्रपिंडांना तडाखे देत राहते. ताईंनी मला हे सांगितलं, मी त्यांना शिवणकामात समजावून दिलं : नवं इलास्टिक आणि दहा वर्षं धुतलेलं इलास्टिक. त्यांना हे इतकं आवडलं, की पुढे प्रत्येकाला त्या इलास्टिकच सांगू लागल्या. माझ्या नावासकट नाही, पण असो.

लाट गळ्यापासून जांघेपर्यंत किती वेळात पोचली ते यंत्र सांगतं. मधलं अंतर मात्र टेपेनं मोजावं लागतं. अंतराला वेळेनं भागलं की वेग. सेकंदाला दहा मीटरच्या पुढे गेला की मोठे डॉक्टर भुवया उंचावतात.

पहिल्या दिवशीच मी त्यांना टेप कशी धरावी ते शिकवायला गेलो. "अहो ताई, टेप अंगालगत फिरवायची असते. पोटावरून घ्या की."

"तुमची नळी पोटावरून जात नाही मास्तर. आतून सरळ जाते. तुमच्या पोटाचा वळसा धरला तर नसलेलं अंतर वाढेल आणि वेग फुगेल." आणि त्यांनी टेप माझ्या पोटाच्या वर, हवेत, ताठ सरळ धरली. दोन डोंगरांमधला दोरीचा पूल असतो तशी. म्हणजे डोंगर एकच होता, पण मोठा.

एकसष्ट सेंटिमीटर. वेग नऊ पूर्णांक नऊ. "काठावर पास," मी म्हणालो. शाळेतही माझा हाच निकाल असायचा.

ताईंना या मापांचं एवढं वेड का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. त्यांचे वडील बस चालवायचे. अंगानं दणकट. एकावन्नाव्या वर्षी, सुट्टीच्या दिवशी, बुटाची लेस बांधायला वाकले ते उठलेच नाहीत. ताई तेव्हा सतरा वर्षांच्या. डॉक्टर म्हणाले, अचानक झालं.

"अचानक काही होत नसतं मास्तर," ताई म्हणाल्या. "वीस-वीस वर्षं नळी ताठ होत असते. कुणी मोजत नाही, एवढंच."

म्हणून ही मोजणी. आमच्या भागातली चारशे बारा माणसं. दर पाच वर्षांनी त्याच माणसांची तीच मापं, आणि मग बघायचं की कुणाची नळी किती ताठरली आणि पुढे कुणाच्या हृदयाला काय झालं. एक फेरी म्हणजे नुसता आकडा. दोन फेऱ्या म्हणजे दिशा. तिसरी झाली, तर बुटाची लेस बांधणाऱ्या एखाद्या माणसाला दहा वर्षं आधी सांगता येईल. ताईंना ती तिसरी फेरी हवी होती. त्यांची नेमणूक वर्षावर्षाची, प्रकल्प चालू तर ताई चालू.

दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या इस्पितळी टेपेची पत्र्याची टोपी निघाली आणि टोक उसवलं. नवी मागवायची तर भांडारात तीन प्रतींत अर्ज. मी तेव्हा नुकताच दुकान सुनेच्या ताब्यात देऊन रिकामा झालो होतो, आणि टेप अजून गळ्यात घालून हिंडत होतो. निवृत्त फौजदार शिटी घेऊन हिंडतो तसा.

"घ्या," मी म्हणालो, आणि हार घालावा तशी टेप काढून दिली. "वीस वर्षं या एकाच टेपेनं गाव शिवलंय."

ताईंनी ती बोटांत फिरवली. मेणकापडाची, पिवळी, आकडे थोडे पुसट. मग ड्रॉवर उघडून त्यांनी घडीची स्टीलची पट्टी काढली. "मास्तर, बरोबर आहे ना ही? एकदा पट्टीला लावून बघते."

इथे मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं भाषण केलं. "ताई, या टेपेनं मी नवरदेवांचे कोट शिवलेत. एका न्यायाधीशांचा काळा कोट शिवलाय. वीस वर्षांत एक कपडा मापाला चुकून परत आला असेल तर दाखवा. तुम्ही माझी परीक्षा घेणार?"

ताई लाजल्या. वयानं मोठा माणूस, भेट देतोय, रागावलाय. पट्टी ड्रॉवरमध्ये परत गेली. जाताना मी तिच्याकडे विजयानं बघितलं, हेही कबूल करतो.

दुसऱ्या फेरीत माझं स्वतःचं माप काही लवकर होईना. नियम असा, की माप घेण्याआधी दहा मिनिटं गप्प पडून राहायचं. बोललं की दाब चढतो, लाट पळते, माप रद्द. दहा मिनिटं! मी झोपेतही एवढा वेळ गप्प नसतो, असं आमची ही सांगते. सातव्या मिनिटाला मला हमखास काहीतरी आठवायचं. ताई टेपेनं अंतर घ्यायच्या, कागदावर लिहायच्या, आणि कांडी लावणार एवढ्यात मी म्हणायचो, "ताई, ते औषधवाल्याचं कळलं का?" की कागदावर लाल शिक्का. पुढच्या महिन्यात पुन्हा या. दीड वर्षात अकरा वेळा गेलो, अकरा वेळा लाल शिक्का घेऊन घरी आलो. बाराव्या वेळी दाढ काढलेली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता. त्या दिवशी माप झालं.

नऊ पूर्णांक आठ.

पाच वर्षांपूर्वी नऊ पूर्णांक नऊ, आणि आता नऊ पूर्णांक आठ! लोक म्हातारे होतात, माझी नळी तरणी होत होती. मी एकटाच नव्हे, सगळ्या भागाचं तसंच. निवृत्त पोस्टमन, बेकरीवाली, इस्त्रीवाला, कुणाचीच नळी पाच वर्षांत म्हणावी तशी ताठरलेली नव्हती. मोठे डॉक्टर, म्हणजे या मोजणीचे प्रमुख, हरखले. त्यांनी आम्हाला सकाळी फिरायची सवय लावली होती, त्याचंच हे फळ असं त्यांनी ठरवलं. फिरणाऱ्या मंडळाचा म्होरक्या मी. आम्ही रोज कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत जायचो आणि बसून परत यायचो. फळ एवढं स्वस्तात मिळाल्याचं आम्हालाही नवल वाटलं, पण आम्ही ते कुणाला दाखवलं नाही.

ताई मात्र हरखल्या नाहीत. मी पेढ्यासारखा आकडा वाटत हिंडत असताना त्या एकदा म्हणाल्या, "मास्तर, जरा जास्तच चांगलं वाटतंय हो."

"नजर लावू नका," मी म्हणालो. आणि घरी जाऊन खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा उघडला. लवचीक नळीच्या मालकाला मिठाची कसली भीती? दाबाची गोळीही मी एक दिवसाआड केली होती. हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे फक्त आमच्या हिला, सुनेला आणि औषधवाल्याला.

मग पोस्टमनच्या पँटचं प्रकरण झालं.

पोस्टमन माझं जुनं गिऱ्हाईक. दुकानात आला आणि सुनेला म्हणाला, "मास्तरांच्या वहीत माझं माप आहे, त्यावरच शीव. मला पुन्हा हात वर करून उभं राहायला लावू नकोस." तिनं माझ्या वहीतला आकडा घेतला, शिवली, आणि पोस्टमन पँट घालून आला तो घोट्याच्या वर दोन बोटं. जसा काही ओढा ओलांडून आलाय.

मी खुर्चीवरूनच न्याय दिला. "कटिंग चुकलं तुझं."

"बाबा, कटिंग बरोबर आहे. वही चुकीची आहे."

"माझी वही? माझ्या हातची एक पँट कधी आखूड झाली नाही!"

"तेच तर म्हणतेय मी," सून म्हणाली. ती मशीन थांबवून बोलते तेव्हा समजायचं, आपलं काही खरं नाही. "तुमच्या जुन्या वहीतलं माप असलं की मी शंभराला चार वाढवूनच घेते. दोन वर्षं घेतेय. यांचं तेवढं गडबडीत विसरले. तुमची टेप ताणलेली होती बाबा. ओढून ओढून लांब झाली होती. शंभर म्हणायची तिथे खरे एकशे चार असायचे."

"मग माझे कपडे बरोबर कसे व्हायचे?"

"कारण अंगही तुम्ही त्याच टेपेनं मोजायचा आणि कापडही त्याच टेपेनं. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणून कुणाला कळली नाही. माझी टेप नवी, म्हणून मला कळली."

"आणि हे तू मला दोन वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तुम्ही न्यायाधीशांचा कोट काढला असता," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं.

शिवणकामात मी अडाणी नाही. अंग टेपेनं, कापड टेपेनं, ठीक आहे. पण तिसऱ्या मजल्यावर? तिथे अंतर माझ्या टेपेनं आणि वेळ यंत्रानं. यंत्र थोडंच माझ्या टेपेबरोबर ताणलं होतं? पहिली फेरी इस्पितळाच्या टेपेनं, दुसरी माझ्या. अंतर कमी भरलं, म्हणून वेग कमी दिसला, म्हणून नळ्या तरण्या दिसल्या. चारशे बारा माणसांना मी खुर्चीत बसल्या बसल्या पाच वर्षांनी लहान केलं होतं.

आणि मग मी जे केलं त्याची घरात अजून आठवण काढतात. मी गप्प बसलो. तीन दिवस.

पहिल्या दिवशी आमच्या हिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तिसऱ्या दिवशी तिनं खाटेजवळ स्टूल ओढलं. "अहो, काय झालंय? कुणाशी भांडलात? कुठे दुखतंय? निदान शेजारच्यांबद्दल तरी काही बोला."

मी सगळं सांगितलं. पंधरा दिवसांनी प्रकल्पाची समिती येणार होती. मोठ्या डॉक्टरांनी रंगीत आलेख छापून ठेवले होते. तिसरी फेरी द्यायची की नाही ते तेव्हा ठरणार होतं. "मी बोललो तर दोन वर्षांची मापं कचऱ्यात जातील. ताईंची नोकरी जाईल. नाही बोललो तर कुणाला कळणारही नाही."

"आणि तुमची नळी?"

"माझ्या नळीचं काय?"

"ती मऊ नाही ना मग?"

ती उठली, शेंगदाण्यांचा डबा फळीवरून काढला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "बस चालवणाऱ्या माणसाची मुलगी आहे ती," जाता जाता म्हणाली. "तिला खोट्या आकड्यावर बसवून ठेवणार तुम्ही? उठा, शर्ट घाला."

शर्ट घातला. तिसऱ्या मजल्यावर ताई एकट्याच होत्या, रबरी पिशवीत गरम पाणी भरत होत्या. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली आणि न्यायाधीशांच्या कोटापासून पोस्टमनच्या घोट्यापर्यंत एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. पिशवीचं बूच लावलं. ड्रॉवर उघडला. पट्टी काढली, टेप काढली, दोन्ही खाटेवर शेजारी शेजारी अंथरल्या. टेपेवरचा शंभराचा आकडा पट्टीवरच्या एकशे चारच्याही जरा पुढे गेला होता.

ताई खाटेच्या कडेवर बसल्या. मला वाटलं, रडतील. नाही रडल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं मास्तर."

"हो."

"पण विचारायला नको होतं. तपासायलाच हवं होतं. तुम्ही रागावाल म्हणून मी पट्टी ठेवून दिली. चारशे माणसांच्या नळ्यांपेक्षा मला तुमचा राग मोठा वाटला."

याच्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला झेपलं असतं.

मोठ्या डॉक्टरांकडे दोघं गेलो. हा गृहस्थ उंच, चष्मा कपाळावर, आणि बोलताना आपल्याकडे न बघता आपल्या मागच्या भिंतीकडे बघणारा. त्यांनी सगळं भिंतीकडे बघतच ऐकून घेतलं.

"दुसरी फेरी गेली," ते म्हणाले.

"सर, चार टक्के आणि वर थोडं, तेवढं वाढवून घेतलं तर?" ताई म्हणाल्या.

"आज चार टक्के आहे ताई. दोन वर्षांपूर्वी किती होतं? एक? दोन? टेप रोज थोडी थोडी ताणत गेली असेल तर प्रत्येकाच्या मापात वेगळी चूक. कुणाला किती वाढवायचं? समिती विचारेल, पुरावा काय? एकच माणूस त्या दोन वर्षांत पुन्हा पुन्हा मोजला असता तर गोष्ट वेगळी. पण आपण प्रत्येकाला एकदाच मोजतो."

ताई एकदम उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, आता रडायला गेल्या. डॉक्टर पहिल्यांदाच भिंत सोडून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या कोटाची बाही बघत होतो, उजवी डावीपेक्षा अर्धा इंच लांब होती. सांगावंसं वाटलं, पण मापाबद्दल बोलायचं तोंड माझ्यापाशी उरलेलं नव्हतं.

ताई परत आल्या त्या कागदांचा एक गठ्ठा घेऊन. प्रत्येक कागदावर लाल शिक्का.

"रद्द झालेले कागद मी टाकत नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सर, हे वाचा."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"पहिला महिना. अंतर अठ्ठावन्न पूर्णांक पाच. माप रद्द. कारण : बोलले."

"दुसरा कागद," ताई म्हणाल्या.

"तिसरा महिना. अठ्ठावन्न पूर्णांक पाच. माप रद्द. कारण : बोलले." पुढचा कागद. "अठ्ठावन्न पूर्णांक पाच. कारण : हसले." पुढचा. "अठ्ठावन्न पूर्णांक पाच. कारण : बोलले, व मला हसवले." त्यांनी चष्म्यावरून ताईंकडे बघितलं. ताई लाल झाल्या. "अठ्ठावन्न पूर्णांक पाच. कारण : औषधाच्या दुकानदाराबद्दल बोलले."

असे अकरा, आणि वर तो दाढेचा बारावा. दीड वर्षात बारा वेळा मोजलेला एकच माणूस. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न पूर्णांक पाच, शेवटच्या दिवशी अठ्ठावन्न पूर्णांक पाच. पोट मध्यंतरी दोन इंचांनी वाढलं होतं, पण ताई टेप पोटावरून नेत नसत, म्हणून आकडा हलला नव्हता. आणि पहिल्या फेरीत, चांगल्या टेपेनं, एकसष्ट.

"आडवे व्हा," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्याच टेबलावर फायली बाजूला सारून मला आडवं केलं. ताईंनी स्टीलची पट्टी माझ्यावर धरली. एकसष्ट.

"म्हणजे टेप जी ताणायची ती माझ्या दुकानातच ताणून झाली होती," मी छताकडे बघत म्हणालो. "इथे आल्यावर ती ताणली नाही. तुमचा हात हलका आहे ताई."

"गप्प राहा मास्तर," दोघं एकदम म्हणाले.

चूक सगळीकडे सारखी होती, तेव्हा ती काढून टाकता येत होती. समितीला विश्वास वाटावा म्हणून ताईंनी चाळीस माणसांना नव्या टेपेनं पुन्हा मोजायचं ठरवलं. आणि आधी सगळ्या चारशे बारांचा हिशेब नव्यानं मांडला. दहा दिवस त्या आणि त्यांची गणितवाली बहीण बसल्या होत्या, एकाच छत्रीतून येत होत्या, जात होत्या. सगळ्या भागाच्या नळ्या जशा ताठरायला हव्या होत्या तशाच ताठरलेल्या निघाल्या. रंगीत आलेख गेले, साधे आले. फिरणाऱ्या मंडळात मातम झाला. बेकरीवाली आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पोस्टमन म्हणाला, "आधी माझी पँट आखूड केलीस, मग आयुष्य."

समितीपुढे ताईंनी स्वतः सगळं सांगितलं, टेप आणि पट्टी टेबलावर ठेवून. तिसरी फेरी मिळाली. पण नियम घालून : रोज सकाळी टेप पट्टीला लावायची आणि सही करायची. ताई म्हणाल्या, हे आपण आधीच सुरू केलंय.

समिती यायच्या आधी मोजलेल्या त्या चाळीस माणसांत पहिला नंबर माझा होता. खाटेवर पडलो. ताईंनी तळवे शेकले. म्हणाल्या, "मास्तर, दहा मिनिटं. या वेळी दाढ नाही, बोळा नाही. तुमच्यावरच आहे."

मी डोळे मिटले. दुसऱ्या मिनिटाला मला औषधवाल्याचं आठवलं. त्यानं त्या सकाळीच मला विचारलं होतं, ताईंना निळा रंग आवडतो का, कारण त्याला एक छत्री घ्यायची होती. म्हणजे माझी खोटी बातमी सात वर्षांनी खरी व्हायला निघाली होती! आणि ज्यांना ती सांगायलाच हवी, त्या माझ्या उशाशी उभ्या. पाचवं मिनिट. धुलाईघराची वाफ खिडकीतून येत होती. सातवं मिनिट. मी जीभ दातांखाली धरली. मला त्या लेस बांधणाऱ्या माणसाचा विचार करायचा होता, आणि थोडा केलाही. नववं. दहावं.

कांडी गळ्यावर टेकली, मग दुसरी. यंत्रानं कागद सोडला.

"बघू," मी म्हणालो.

"दहा पूर्णांक चार."

"म्हणजे नळीचं वय काय झालं?"

"तुमच्यापेक्षा जास्तच. गोळी रोज घेता का एक दिवसाआड?"

हे त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. त्यांचं त्याच्याशी आता बोलणं वाढलंय. मी म्हणालो, "रोज." आणि त्या दिवसापासून घेतोही रोज. शेंगदाण्यांच्या कपाटाची किल्ली आमची ही गळ्यात घालून हिंडते.

छत्रीची बातमी मी त्यांना सांगितली नाही. ती त्यांना दुसऱ्या दिवशी छत्रीसकट कळली.

निघताना मी माझी टेप परत मागितली. ताईंनी दिली नाही. प्रकल्पाच्या कपाटात ती एका पाकिटात ठेवलेली आहे. पाकिटावर लाल शाईनं लिहिलंय : "ताणलेली. वापरू नये." आणि खाली, कुणी दिली म्हणून, माझं नाव. सात वर्षांच्या एवढ्या मोठ्या संशोधनात माझं नाव लिहिलेली ती एकच जागा. पाहुणे आले तर मी त्यांना घेऊन जातो दाखवायला. दारावरच्या 'शांतता'च्या पाटीमुळे जिन्यातच सगळं सांगून घ्यावं लागतं.